बाबांचे चोवीस लाख आणि तुमची डिझेल ऑटोमॅटिक

वाचकाचं पत्र (थोडं छाटून):

नमस्कार मॅडम. मी ३६ वर्षांचा, चिंचवडला खासगी कंपनीत नोकरीला आहे. पगार हातात १ लाख ५ हजार येतो, पत्नीचा ३८ हजार. घराच्या कर्जाचे ४० लाख बाकी आहेत, हप्ता ३६ हजार, अजून १७ वर्षं. आमची पेट्रोल हॅचबॅक आता नऊ वर्षांची झाली. घरात सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी. वर्षातून चारदा चिपळूणजवळ गावी जातो, एरवी गाडी महिन्याला ७००-८०० किलोमीटर फिरते. जीएसटी कमी झाल्यामुळे मिडसाइज एसयूव्ही घ्यायची ठरवली आहे. डिझेल ऑटोमॅटिक, टॉप व्हेरिएंट, एक्स-शोरूम साडेसतरा लाख, ऑन-रोड २१ लाख २० हजार. २१ हजार भरून बुकिंग केलं, पाडव्याला गाडी दारात हवी. शिवाय मॉडिफिकेशनला १ लाख ८० हजार: मोठे अलॉय आणि टायर, पुढे बुल गार्ड, एलईडी बार, काचांना काळी फिल्म आणि डिकीत मुलांसाठी घडीची सीट. बाबा तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. त्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून २४ लाख आले, त्यातले ८ लाख ते गाडीला देत आहेत. उरलेले १५ लाख घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेणार, त्याचा हप्ता फक्त १४ हजार बसतो. माझे म्युच्युअल फंडात साडेपाच लाख आहेत, पण ते १५ टक्क्यांनी वाढत आहेत म्हणून त्यांना हात लावायचा नाही. बाबांच्या बाकी पैशांची सोय बँकेने केली आहे. एफडीपेक्षा चांगली गॅरंटीड स्कीम आहे, दरवर्षी ३ लाख भरायचे, २५ टक्के जमा होतात, त्यातून पुढे माझा हप्ताही निघेल. प्रश्न दोनच: डिझेल घ्यावी की पेट्रोल? आणि टॉप-अप बरा की कार लोन?

उत्तर:

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. पावणेदोन पानं गाडी, तिचा रंग, सनरूफ आणि अलॉयचे इंच. बाबांच्या पैशांना तुम्ही जेमतेम चार ओळी दिल्यात आणि त्याबद्दल प्रश्न एकही नाही. मी मात्र त्या चार ओळींवरच अडकले. ‘एफडीपेक्षा चांगली’, ‘दरवर्षी भरायचे’ आणि ‘गॅरंटीड’ हे तिन्ही एका दमात कानावर आले की पुढे काय निघणार हे मला ठाऊक असतं. म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला ई-मेल करून त्या स्कीमचे कागद मागवले. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता.

तुम्ही कागद पाठवलेत. ती एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. हप्ता ३ लाख, सात वर्षं भरायचा, मुदत बारा वर्षांची. हप्ता भरणार बाबा, विमा तुमच्या आयुष्यावर. प्रस्ताव अर्जात बाबांचा व्यवसाय लिहिलाय ‘सल्लागार’ आणि वार्षिक उत्पन्न ९ लाख. ज्यांना ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिना ३,१०० रुपये येते ते कारखान्यातले निवृत्त सुपरवायझर, बँकेच्या एका खेपेत सल्लागार झाले! तुम्ही बाबांना विचारलंत, तेव्हा ते म्हणाले की मी फक्त सह्या केल्या. बाबांच्या या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सह्या आधी होतात, फॉर्म मागून भरला जातो. मग विमा कंपनीचा पडताळणीचा फोन येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी बँकेतला गोड मुलगा सांगून जातो, ‘काका, ते विचारतील त्याला फक्त हो म्हणा.’ काका हो म्हणतात. आपल्याला काका म्हणणारा, घरी येऊन चहा पिऊन जाणारा मुलगा फसवेल कशाला?

आता ते २५ टक्के. वाक्य शब्दशः खरं आहे, मेख तिथेच आहे. पॉलिसीत छापलंय ते असं: ‘वार्षिक हप्त्याच्या २५ टक्के गॅरंटीड अ‍ॅडिशन’. वार्षिक हप्ता ३ लाख, त्याचे २५ टक्के म्हणजे ७५ हजार. पहिल्या वर्षी आत ३ लाख आहेत तेव्हाही ७५ हजार आणि सातव्या वर्षी २१ लाख आहेत तेव्हाही तेच ७५ हजार. त्यावर चक्रवाढ नाही. हातात पडणार ते बारावं वर्ष संपल्यावर. बारा वर्षांचे ९ लाख, भरलेले २१ लाख, मिळून ३० लाख. परतावा काढला तर वर्षाला ४ टक्के बसतो. तुमच्या घरकर्जाचा दर ८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे एकाच घरातून बँकेला ८ टक्क्यांनी व्याज जातंय आणि त्याच बँकेच्या काउंटरवरून ४ टक्क्यांची पॉलिसी घरात येतेय.

परतावा कमी आहे हे एकवेळ सोडून देऊ. घोडं पेंड खातंय ते वजाबाकीत, आणि ही वजाबाकी तुमच्या घरात कोणीही केलेली दिसत नाही. २४ लाखांतून गाडीचे ८ गेले, १६ उरले. पहिला हप्ता ३ गेला, १३ उरले. अजून सहा हप्ते, म्हणजे १८ लाख भरायचे आहेत. १३ मधून १८ कसे जाणार? चार हप्ते भरून होतील आणि बाबांच्या हातात १ लाख राहील. तेव्हा त्यांचं वय ६४ असेल. हेसुद्धा कधी, तर त्या चार वर्षांत आई-बाबांनी महिना ३,१०० रुपयांपलीकडे एक पैसाही खर्च केला नाही तर. सहावा हप्ता चुकला की पॉलिसी रखडली, आणि अर्धवट सोडलेल्या पॉलिसीत ते ४ टक्केसुद्धा मिळत नाहीत.

आणि ‘त्यातून पुढे माझा हप्ता निघेल’? बारा वर्षं त्यातून काहीच निघत नाही. हा समज कोणी करून दिला ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.

तर पहिलं काम. ई-पॉलिसी तुमच्या मेलवर १९ दिवसांपूर्वी आली आहे. बाबांचा ई-मेल नाही म्हणून तुमचा दिला होता आणि तुम्ही ती उघडूनही पाहिली नव्हतीत. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण देऊन परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. ई-मेलने आली तर दिवस ई-मेलच्या तारखेपासून मोजायचे, छापील प्रत कधी येते त्याची वाट पाहत बसायचं नाही. तुमच्याकडे अकरा दिवस उरले आहेत. परत केल्यावर मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापून बाकी सगळी रक्कम मिळते. ३ लाखांतली किरकोळ रक्कम जाईल, जाऊ द्या.

अर्ज थेट विमा कंपनीकडे करायचा. त्यांच्या शाखेत जाऊन लेखी, आणि त्याच दिवशी त्यांच्या अधिकृत ई-मेलवरही. बाबा प्रस्तावक आहेत, सही त्यांची लागेल. सोबत रद्द केलेला चेक. कारणात लिहा की मुदत ठेव म्हणून सांगून विकली, अर्जात उत्पन्न आणि व्यवसाय चुकीचा भरला आहे. बँकेतल्या त्या मुलाच्या हातात अर्ज देऊन निर्धास्त राहू नका. तो म्हणेल, ‘मी करतो काका, काळजी नको.’ मग तो दोन दिवस रजेवर जाईल, मग मार्चएंडचं काम असेल, मग साहेब भेटायला येतील आणि सांगतील की एक वर्ष भरा, मग बंद करा, काही कापत नाही. तीस दिवस असेच जातात. माझ्याकडे अशी पत्रं येतात, त्यातली बहुतेक एकतिसाव्या दिवसानंतरची असतात.

ज्यांचे तीस दिवस उलटून गेलेत त्यांच्यासाठीही दोन शब्द. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. तेही झालं नाही तर हिशेब असा करा: पहिले ३ लाख गेले असं धरा. उरलेले १८ लाख त्याच त्या तारखांना ८.२ टक्क्यांनी गुंतवत गेलात आणि व्याजही तसंच पुन्हा गुंतवलंत, तर बाराव्या वर्षाअखेर ३५ लाखांवर जातात. पॉलिसी ३० देणार आहे. ‘भरलेत तर पुढे भरूनच टाकू’ हे वाक्य महाराष्ट्रात किती कुटुंबांना महागात पडलंय याची मोजदाद नाही.

८.२ टक्के म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. त्याच बँकेच्या त्याच शाखेत ती मिळत असणार, पण त्यात त्या मुलाला टार्गेट नसतं. बाबांना साठ पूर्ण आहेत, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांची मुदत, व्याज दर तिमाहीला खात्यात. २४ पैकी २० लाख तिथे ठेवा. वर्षाचे १ लाख ६४ हजार, म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार, महिन्याला साडेतेरा हजारांच्या पुढे. पेन्शन धरून महिना सोळा-सतरा हजार झाले. आईंना खात्यात जोडीदार म्हणून घ्या. उरलेले ४ लाख साध्या एफडीत, दवाखान्यासाठी. दवाखान्याचं वेगळं लिहितेय, कारण तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये आहे की आई-बाबांचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. नोकरी बदलली की तो संपला. आयुष्मान भारतचं ज्येष्ठांसाठीचं ५ लाखांचं कवच सत्तरीनंतर मिळतं, बाबांना अजून दहा वर्षं आहेत. आईंना मधुमेह आहे, वय वाढेल तसं कोणी विमा द्यायलाही खळखळ करेल. स्वतंत्र पॉलिसीची चौकशी याच महिन्यात करा, गाडीच्या ब्रोशरांइतकी नाही तरी निम्म्या उत्साहाने करा.

आता हिशेबात २४ पूर्ण झाले. गाडीसाठी ८ कुठे आहेत? नाहीत.

हे वाचून तुम्हाला राग येईल, येऊ द्या. ‘ते आनंदाने देत आहेत’ असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच असणार. आपल्याकडचा बाप मुलाच्या दारात गाडी उभी राहताना आनंदानेच देतो. म्हणून तर घेणाऱ्याने हिशेब करायचा असतो. तुम्ही काय केलंत बघा: तुमचे साडेपाच लाख ‘१५ टक्क्यांनी वाढतायत’ म्हणून जपून ठेवलेत आणि बाबांचे ८ लाख, जे त्यांना महिना साडेपाच हजार रुपये देऊ शकले असते, ते एका अशा वस्तूत घालताय जिची किंमत विम्याच्या तक्त्यात सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी उतरते आणि पाच वर्षांत निम्मी होते. तुमच्यापुढे कमवायची अजून चोवीस वर्षं आहेत, त्यांच्यापुढे एकही नाही. तुमचा फंड गेल्या तीन-चार वर्षांत १५ टक्क्यांनी वाढला असेल, पण तो पुढेही तसाच वाढेल असं तुम्हाला लिहून कोणी दिलंय? देणारा असेल तर त्याचीही पॉलिसी मला पाठवा.

टॉप-अप आणि कार लोन. तुम्हाला १४ हजार हा आकडा आवडला. १५ लाख, साडेआठ टक्के, १७ वर्षं: हप्ता १४ हजार, एकूण फेड २८ लाख ४० हजार, व्याज १३ लाखांवर. तेच १५ लाख कार लोन म्हणून ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर हप्ता ३१ हजार, व्याज ३ लाख ७० हजार. दर कमी असलेल्या कर्जाचं व्याज साडेतीन पट कसं झालं? वर्षांमुळे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तुमचं कर्ज १७ वर्षांचं. गाडी फिटनेसच्या रांगेत उभी असेल तेव्हा तुम्ही तिचा हप्ता भरत असाल आणि मुलगी तेवीस वर्षांची असेल. टॉप-अप घेऊन पाच वर्षांतच मी तो जादा भरून संपवेन, असं तुम्ही म्हणाल. ज्याला ३१ हजार जड वाटतात म्हणून १४ हजारांचा रस्ता शोधावा लागला, तो दर महिन्याला आपणहून १७ हजार जास्त भरेल, हे मी अजून पाहिलेलं नाही. आणि ३१ जड वाटतात हे बरोबरच आहे. ३६ आणि ३१ म्हणजे ६७ हजार, दोघांच्या १ लाख ४३ हजारांतले जवळजवळ निम्मे. बाहेर डिझेल, विमा, सर्व्हिस, टायर यांचे महिना दहा-अकरा हजार वेगळेच.

जीएसटीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या प्रकारच्या गाडीवर, म्हणजे चार मीटरहून लांब आणि १५०० सीसीच्या आतलं इंजिन, सेससह ४५ टक्के होते त्याचे ४० झाले. १४५ रुपयांची वस्तू १४० ला. साडेसतरा लाखांच्या गाडीत फायदा साठ हजारांच्या घरात. या साठ हजारांच्या आनंदात तुम्ही १ लाख ८० हजारांचं मॉडिफिकेशन काढलंत.

त्यातलं काय काय चालतं ते सांगते, कारण इथे पैशांइतकाच जिवाचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बुल गार्ड केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलाय. तो पुढच्या बंपरची चेपण्याची रचना निकामी करतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि समोर पादचारी असेल तर त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केली. समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा एलईडी बार लावून कुंभार्ली घाटात उतरायचं असेल तर त्या ट्रकवाल्याच्या शिव्यांची तयारी ठेवा. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, हे सगळं टिपून घेतो आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दिसला की दावा अडतो. २१ लाखांची गाडी, विम्याचे पाऊण लाख भरलेले, आणि दावा अडला आठ हजारांच्या लोखंडी नळीमुळे. कंपनीने दिलेले अलॉय कंपनीच्याच मापात राहू द्या. सीट कव्हर, मॅट, कॅमेरा हवं ते घ्या, त्याला माझी ना नाही, पण विम्यात नोंदवून घ्या.

डिकीतली सीट मात्र बसवूच नका. दंड-बिंड बाजूला ठेवा. डिकी म्हणजे मागून येणाऱ्या धडकेसाठी सोडलेली जागा. तिथे मुलगी बसवायची?

आणि ही सीट लागलीच का? कारण घरात सहा माणसं आहेत आणि तुम्ही पाच आसनांची गाडी बुक केली आहे. दोन पानांच्या पत्रात सनरूफ तीनदा आलंय, आसनं एकदाही मोजलेली नाहीत. शोरूमवाल्याला तुम्ही कुटुंब किती जणांचं ते सांगितलं होतंत का? सांगितलं असेल तर डिकीतल्या सीटची कल्पना त्याचीच असणार.

डिझेल-पेट्रोलचं उत्तर दोन ओळींत होतं. वर्षाला ९ हजार किलोमीटर. पेट्रोलला किलोमीटरमागे पावणेनऊ रुपये धरा, डिझेलला पावणेसहा. वर्षाला वाचले २७ हजार. गाडीची किंमत दीड लाखाने जास्त, महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलला १२ तर डिझेलला १४ टक्के, सगळं मिळून फरक दोन लाखांच्या आसपास. तो भरून यायला सात-साडेसात वर्षं. त्यात तुमचं रोजचं ऑफिस आठ किलोमीटरवर. एवढ्या लहान फेऱ्यांत डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नीट तापत नाही, तुंबतो, आणि मग सर्व्हिस सेंटरवाला तुम्हाला हायवेवर चक्कर मारून आणा म्हणून सांगतो. पेट्रोल.

पण कोणती पेट्रोल? तुमच्या खिशात बसणारी अशी: जुनी गाडी अडीच लाखांना जाईल, फंडातले ३ लाख काढा आणि पाच वर्षांचं ८ लाखांचं कार लोन, हप्ता साडेसोळा हजार. साडेतेरा लाख, ऑन-रोड. एवढ्यात सात आसनांची पेट्रोल गाडी येते, टॉप व्हेरिएंट नव्हे, सनरूफही नाही. मात्र सहा माणसं कायदेशीरपणे आणि पट्टा लावून गावी पोहोचतात. शोरूममध्ये हँडलिंग चार्जेस म्हणून ओळ दिसली तर ती खोडून घ्या. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असा नियम नाही, बाहेरचा कोट आणून दाखवा, तिथल्या तिथे दहा-पंधरा हजार उतरतात. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) कापतील, तो रिटर्न भरताना परत मागता येतो. बरेच जण विसरतात.

तेही या पाडव्याला नको. पॉलिसी परत गेली की तुमच्या आयुष्यावरचा ३० लाखांचा विमाही जाईल. तो तसाही पुरणारा नव्हता, नुसतं घराचंच कर्ज ४० लाखांचं आहे. १ कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, बचत नाही) तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत होतो आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तो आधी घ्या. मग फंडातले उरलेले अडीच लाख अडीअडचणीचे म्हणून बाजूला काढा, त्यात थोडी भर घाला, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा गाडीकडे बघा. हॅचबॅक नऊ वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही असं तुम्हीच लिहिलंय. गावच्या फेऱ्यांना तोवर ड्रायव्हरसकट सात आसनी भाड्याने घ्या. तीन दिवसांचे पंधरा-सोळा हजार धरले तर चार फेऱ्यांचे साठ-पासष्ट हजार होतात. तुमच्या एसयूव्हीच्या वर्षाच्या खर्चापुढे हा आकडा अगदीच लहान आहे, शिवाय घाटात तुम्हीही खिडकीबाहेर बघू शकाल.

बुकिंगचे २१ हजार परत मागा. पावतीच्या मागच्या अटी वाचा, काही कापून देतील तर कापू द्या.

हे लिहीत असतानाच तुमचा शेवटचा मेल आला. बाबा म्हणतायत की बँकेतल्या मुलाला वाईट वाटेल, त्याची नोकरी जाईल, एवढ्या वर्षांचे संबंध आहेत. बाबांना सांगा, नोकरी जाणार नाही, फार तर त्याचं टार्गेट थोडं कमी पडेल. आणि उद्या शनिवार आहे. सोमवारी सकाळी कार्यालय उघडताच बाबांना सोबत घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर पोच घ्या आणि शिक्क्यावर तारीख उमटलेली नसेल तर ती पेनने घालून सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.